बादलीतलं रॉकेल

आमच्या सायखेड्याच्या मळ्यात दिवस कलला की नाना एक कंदील पेटवायचे आणि द्राक्षबागेच्या कडेला बांबूच्या तिवईला टांगायचे. त्याच्याखाली एक जुनं घमेलं, घमेल्यात पाणी आणि पाण्यावर बुचाने मोजून ओतलेलं रॉकेल. उजेडाला भुलून पाखरं यायची, काचेवर आपटायची आणि खाली पडायची. मी ओसरीवर अभ्यासाला बसलेली असायचे तिथपर्यंत तो आवाज यायचा. टप. मग थोडा वेळ काही नाही. मग टप, टप. चुलीपुढे भाकरी थापता थापता आई म्हणायची, "आज लय हायेत बाई." तिच्या थापण्याचा आणि त्या पाखरांचा आवाज माझ्या डोक्यात इतका एकमेकांत मिसळून गेलाय की अजूनही कुठे भाकरी थापताना ऐकलं की मला रॉकेलचा वास येतो. सकाळी ते घमेलं बांधाच्या पलीकडे रिकामं करायचं काम माझं होतं. मी ते तोंड फिरवून करायचे. वाईट वाटायचं म्हणून नव्हे. वासाने मळमळायचं म्हणून.

पण एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नव्हती. सातवीत असताना मला द्राक्षाच्या पानाखाली बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडली होती. तिच्या शेपटाला काटा होता. अशी अळी दिसली की चिरडायची, हे आम्हाला चालता येऊ लागल्यापासून शिकवलेलं. मी चप्पल काढलीही. तेवढ्यात तिने डोकं आत ओढून घेतलं, मान फुगवली आणि अंगावरचे दोन गोल ठिपके डोळे वटारल्यासारखे माझ्याकडे बघू लागले. मी चप्पल पुन्हा पायात घातली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती अळी मी गोठ्यामागे लपवून वाढवली. रोज ताजी पानं घालायचे. मग ती पाचोळ्यात शिरून निपचित झाली, आणि मेली म्हणून फेकायला गेले तर एक दिवस डब्यात लांबट पंखांचं, रुपेरी रेघ असलेलं एक पाखरू बसलेलं. पंखांखाली गुलाबी रंग, अगदी आईच्या सणाच्या लुगड्याच्या काठासारखा. मी ते बागेच्या उलट्या दिशेला, नदीकडे नेऊन सोडलं. बापाच्या पिकाचा शत्रू आपण पोसला, हे पाप मनात धरूनच मी दहावी झाले, बारावी झाले आणि नाशिकला कॉलेजात प्राणिशास्त्राला गेले.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे प्राणिशास्त्र म्हणजे काय हे घरात कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं. नानांनी त्याचा अर्थ त्यांच्यापुरता लावला होता. "कीडबिड वळखायला शिकवत्यात. बागेला उपेगाला येईल." वर्गात सगळं इंग्रजीतून चालायचं. मी मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायचे आणि वसतिगृहात शब्दकोश घेऊन एकेक ओळ उलगडायचे. दीड वर्षात मी वर्गात तोंड उघडलं ते फक्त हजेरीला.

आमचे वैद्य सर उंच, किडकिडीत, कायम खांद्याला शबनम. त्यांचे थोरले भाऊ विलायतेत डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे गेले असताना सर एक आठवडा स्कॉटलंडच्या एका खेडेगावात राहून आले होते. ती गोष्ट त्यांनी आम्हाला किमान चार वेळा सांगितली. तिथे म्हणे लोक सुट्टी घेऊन, पैसे भरून, नुसते प्राणी बघायला येतात. दिवसा हरणं, पाणमांजरं, गरुड. आणि संध्याकाळी शेतघराच्या मागे एक दिव्याची बादली ठेवून देतात. सकाळी नाश्त्याच्या आधी सगळे पाहुणे सपाता घालून, हातात चहाचे कप घेऊन त्या बादलीभोवती जमतात. आत रात्रभरात आलेले पतंग झोपलेले असतात. एकेकाला बघायचं, नाव सांगायचं आणि झाडीत सोडून द्यायचं. "एक म्हातारी तर त्यांना बोटावर घेऊन गुड मॉर्निंग म्हणायची," सर सांगायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे, पण मला त्या बाईचं खरंच आश्चर्य वाटायचं.

तशी सुट्टी आपल्याकडे करायची, हा सरांचा ध्यास. दिवाळीच्या आधी चार दिवस पेठच्या डोंगराकडे, एका पाड्यावर, आठ विद्यार्थी. आणि त्या आठांतून दोघांना ते पुढचं वर्षभर पतंगांच्या नोंदी ठेवायला घेणार होते. त्या दोघांना प्रयोगशाळेची किल्ली मिळणार होती. त्या किल्लीसाठी मी किती झुरत होते, हे आज लिहितानाही संकोच वाटतो. मागच्या बाकावरून उठून जायची तेवढी एकच वाट मला दिसत होती.

घरी तेव्हा छाटणी नुकतीच उरकली होती आणि वेलीचे डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची घाई चाललेली. अशा दिवसांत घरातले दोन हात कमी करून कुणी सहलीला जात नाही. नाना बराच वेळ विडीचं थोटूक बोटांत फिरवत बसले. मग म्हणाले, "जा. पन कामाचं कायतरी शिकून ये."

पाड्यावर आम्ही सोमाभाऊंच्या घरी उतरलो. सोमाभाऊ चाळिशीचे, ठेंगणे, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवणारे; दरवर्षी द्राक्षाच्या हंगामात ते आमच्याच बाजूला, पिंपळगावाकडे, मजुरीला यायचे. हे कळल्यावर मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. त्यांच्यासारखी माणसं आमच्या बागेतही राबायची आणि त्यांच्या गावांची नावंसुद्धा मी कधी विचारली नव्हती. घर कुडाचं, शेणाने सारवलेलं. चहूबाजूंनी खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, पिवळीधमक शेतं. त्यांची बायको जाईबाई नागलीच्या काळसर भाकरी आणि उडदाची आमटी करायची, वर खुरासणीची चटणी. शहरातल्या मुलांना नागली घशाखाली उतरेना. मी तीन भाकरी खाल्ल्या. जाईबाई माझ्याकडे बघून हसली आणि चौथी वाढली.

पहिल्या संध्याकाळी सरांनी सापळा काढला. एक प्लास्टिकची बादली, तिच्यावर पत्र्याचं नरसाळं, नरसाळ्यावर निळसर उजेडाची छोटी नळी आणि ती पेटवायला मोटारसायकलची बॅटरी. सरांनी सगळ्यांना विचारलं, "असं काही कुणी आधी पाहिलंय?" मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "आमच्या मळ्यात असतो, सर. आमचे नाना लावतात." दीड वर्षातलं माझं पहिलं वाक्य. सर इतके खूश झाले! "मग प्रश्नच मिटला. सापळा तू लाव. मी यांना ओढ्यावर रातवे पक्षी दाखवून आणतो." आणि ते सातजणांना घेऊन गेलेसुद्धा.

मी पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली आणि कामाला लागले. बादली पाहिली. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे रिकामे ट्रे होते. मला वाटलं, येताना अंडी आणली असतील, भुर्जीला वापरली आणि ट्रे इथेच टाकले. मी ते काढून व्यवस्थित ओसरीवर ठेवले. सरांची स्कॉटलंडची बादली मला आठवलीसुद्धा नाही, डोळ्यांपुढे नानांचं घमेलंच होतं. बादलीत चार बोटं पाणी ओतलं. आणि मग जाईबाईकडे गेले. "थोडं रॉकेल आहे का?" तिने काही विचारलं नाही. दिव्याशेजारची बाटली उचलली, उजेडाकडे धरून आत किती आहे ते बघितलं आणि अर्धं मला ओतून दिलं. त्या रात्री त्यांच्या घरातला दिवा लवकर मालवला, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण का, ते लक्षात आलं नाही. मी मात्र समाधानाने झोपले. आपल्या घरचं काहीतरी या कॉलेजात उपयोगी पडलं, एवढंच मनात होतं.

तांबडं फुटायला सगळे अंगणात जमले. सरांनी मुद्दाम सगळ्यांना हातात चहाचे पेले घ्यायला लावले, स्कॉटलंडसारखं. सोमाभाऊही दाराशी येऊन उभे राहिले. "हळू बोला, पाहुणे झोपलेत," असं म्हणत सरांनी नरसाळं उचललं.

आधी वास आला. मग सगळ्यांनी आत बघितलं. पाण्यावर पंखच पंख पसरले होते. पांढरे, तपकिरी, पिवळे, सगळे चिकटलेले, काळवंडलेले. एकही हलत नव्हतं. सरांच्या हातातलं नरसाळं तसंच हवेत राहिलं.

"रॉकेल," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांची नजर सरळ सोमाभाऊंवर गेली. "सोमा, हे तू ओतलंस?"

सोमाभाऊंनी जाईबाईकडे बघितलं. जाईबाईने माझ्याकडे. मग सोमाभाऊ शांतपणे म्हणाले, "व्हय सर. माझ्याच हातनं झालं. मला वाटलं किडंच मारायचंत."

"अरे, निदान विचारायचंस तरी!" सर कधी ओरडत नसत, तेव्हा ओरडले. सोमाभाऊ खाली बघत उभे राहिले.

मी लिहिताना इथे नेहमी थांबते. मला हे सांगायला आवडलं असतं की मी ताबडतोब पुढे झाले. तसं झालं नाही. माझ्या हातातला चहा पुरता निवला, मेधा म्हणून आमच्यातली एक नाशिकची मुलगी होती ती दोनदा म्हणाली "शी, बिचारे," आणि मी तशीच उभी. किल्ली गेली, एवढंच डोक्यात. बोलले तरी गेली. पण न बोलले तर कदाचित राहील. आणि मग सोमाभाऊ खाली वाकले, ती बादली उचलून ओतायला निघाले. तोंड फिरवून. मी घमेलं रिकामं करताना फिरवायचे तसंच.

"सर, मी ओतलं," मी म्हणाले. "त्यांनी नाही. मी जाईबाईंकडून मागून घेतलं. आमच्याकडे रॉकेल घालतात. मला वाटलं, तसाच असतो सापळा. ते अंड्यांचे ट्रे पण मीच काढले. मला वाटलं, भुर्जीचे."

मग निलेश नावाचा एक मुलगा होता, कायम पहिल्या बाकावर असायचा, तो म्हणाला, "सर, हिला प्राणिशास्त्रात कशाला घेतलं? फवारणी खात्यात पाठवा." सगळे फिस्सकन हसले. मेधासुद्धा. माझे डोळे भरून आले.

सर हसले नाहीत. ते सोमाभाऊंकडे गेले आणि म्हणाले, "चुकलं माझं. तुला उगीच बोललो." मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "तुझ्या वडिलांचा सापळा कशासाठी असतो, हे मी विचारायला हवं होतं. अर्धी चूक माझी. उरलेली अर्धी तुझी. आता एक कर, वर्तमानपत्र आण आणि यातला एकेक बाहेर काढून मांड. मेलेत तर निदान कोण मेलं ते तरी बघू."

मी ओसरीवर पेपर पसरला आणि काडीने एकेक पतंग उचलून मांडू लागले. इतर मुलं शेकोटीकडे गेली. आयुष्यभर मी ज्यांच्याकडे न बघता घमेली रिकामी केली होती त्यांच्याकडे मी पहिल्यांदाच बघत होते. किती प्रकार! एकाच्या पंखांवर चुन्याची बोटं उमटल्यासारखे ठिपके. एक अगदी वाळक्या पानासारखा, शिरांसकट. मोजता मोजता हाताला एक लांबट पंखांचा लागला. रॉकेलने रंग उतरला होता, पण रुपेरी रेघ शाबूत होती. मी मागचा पंख काडीने हळूच उघडला. गुलाबी.

"हा आमच्या द्राक्षावरचा," मी स्वतःशीच म्हणाले. सर मागेच उभे होते. "कशावरून?" त्यांनी विचारलं. आणि मी सांगायला लागले. ती अळी, तिचे खोटे डोळे, शेपटाचा काटा, बिस्किटाचा डबा, किती दिवस खाल्लं, किती दिवस निजली, कोवळं पान सोडून जून पान कसं खायची. मराठीत, आमच्या घरच्या बोलीत, अडखळत. बोलता बोलता कधीतरी माझ्या लक्षात आलं की सर माझ्यासमोर उकिडवे बसलेत आणि वहीत भराभर लिहून घेतायत. मध्येच त्यांनी हात वर केला. "थांब, थांब. कोष मातीत की पाचोळ्यात?" माझा शिक्षक मला प्रश्न विचारत होता आणि त्याला उत्तर खरोखरच माहीत नव्हतं.

दुपारी मी भांडी घासायला ओढ्यावर गेले तर सोमाभाऊ भेटले. म्हणाले, "कशाला बोललीस गं? तुझं सर चार दिसांनी जातील. माझ्यावर रागावलं तर माझं काय घेतील? तुला पुढं शिकायचं हाय."

"पण रॉकेल तुमचं गेलं," मी म्हणाले.

"मग? त्या पाकोळ्यांचा तर जीवबी गेला की," ते म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्याने हसले. सरांनी स्टोव्हसाठी आणलेली रॉकेलची बाटली चौथ्या दिवशी निघताना जाईबाईच्या बाटलीत रिकामी केली. तिने तीही उजेडाकडे धरून बघितली.

पण त्या दुसऱ्या संध्याकाळी सर म्हणाले, "सापळा आजही हीच लावेल." निलेशने भुवया उंचावल्या. मी बादली राखेने तीनदा घासली, वास जाईपर्यंत, आणि अंड्यांचे ट्रे उभे लावून ठेवले. पहाटे नरसाळं उचलायला सरांनी मलाच सांगितलं. मी ट्रे दोन बोटांनी अलगद बाहेर काढला. जिथे अंडं बसतं त्या प्रत्येक खळग्यात एकेक पतंग झोपला होता, जणू कुणी मोजून भरले होते. सोमाभाऊंनी गुडघ्यांवर हात टेकून, तोंड उघडं टाकून आत बघितलं. "एवढं समदं आमच्याकडंच ऱ्हातं?" त्यांनी विचारलं.

एका खळग्यात माझा तो रुपेरी रेघेचा होता. सरांनी त्याला माझ्या बोटावर चढवलं. तो उडाला नाही. नुसता थरथरायला लागला. मला वाटलं, मरतोय. "घाबरू नकोस," सर म्हणाले, "थंडीत त्याला अंग तापवावं लागतं, मगच उडता येतं. वेळ दे त्याला." आम्ही सगळे थांबलो. थरथर वाढत गेली, बोटाला गुदगुल्या झाल्या आणि मग बोट एकदम रिकामं. निलेश हळूच म्हणाला, "गुड मॉर्निंग." त्यावर मात्र मीही हसले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मी नानांना सगळं सांगितलं. ते कंदिलाची काच पुसत होते. "येवढ्या लांब जाऊन पाखरं धरली?"

"धरली नाही, बघितली. आणि सोडून दिली."

"सोडून दिली?" नानांनी काच खाली ठेवली. "माझ्या बागंत यायला?"

करंज्या भरता भरता आई खुदकन हसली. मी चिडून म्हणाले, "पेठहून इथवर येत नाहीत ती." नाना पुन्हा काच पुसू लागले. तेव्हाच मी त्यांना त्या सातवीतल्या अळीचंही सांगून टाकलं. बिस्किटाच्या डब्यासकट. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "तो डबा तवा तू नेला व्हता? तुझी आय वरीसभर माझ्या नावानं खडं फोडीत व्हती." आणि कंदील घेऊन बागेकडे गेले. पाखरं रोजच्यासारखीच टप टप पडत राहिली. बाग जगली तर घर जगणार, हे मलाही कळत होतं.

सुट्टी संपल्यावर सरांनी किल्ल्या दिल्या. एक मला, एक निलेशला. आम्ही दोघे नंतर दोन वर्षं त्या प्रयोगशाळेत भांडत नोंदी करत राहिलो, पण ते वेगळं. मला इथे सांगायचंय ते काड्यापेट्यांचं. टोमॅटोचा टेम्पो घेऊन नाशिकच्या मार्केटला येणारे आमच्या गावचे पोपटमामा एक दिवस वसतिगृहाच्या फाटकाशी उभे. "तुझ्या बापानं दिलंय." हातात तीन काड्यापेट्या. उघडल्या तर प्रत्येकीत कापसावर एकेक मेलेलं पाखरू, पंख न मोडलेलं, पुसून कोरडं केलेलं. घमेल्यातून नानांनी निवडून काढलेलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. खोली आठवडाभर रॉकेलने घमघमत होती आणि माझ्या खोलीतल्या मुली नाकाला रुमाल लावून झोपत होत्या. मग दर आठ-दहा दिवसांनी काड्यापेट्या येऊ लागल्या. त्यातली काही पाखरं आजही कॉलेजच्या कपाटात टाचणीवर आहेत. खाली लिहिलंय, ठिकाण सायखेडा. कुणी आणलं ते लिहायचं राहिलं. तेव्हा मला ते लिहायचं असतं हे माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर लाज वाटली. आता कुणी तरुण माझ्याकडे नोंदी दाखवायला आले की मी आधी तो रकाना बघते.

थंडी पडायला लागली तशा काड्यापेट्या थांबल्या. आणि मग एका सकाळी पोपटमामा आले ते मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा दोन्ही हातांत आडवा धरून. एरवी पंचवीस क्रेट एकावर एक आदळणारा माणूस पावलं मोजत चालत होता. "हलवू नको म्हनलाय. सायखेड्यापासनं मांडीवर घेऊन आलोय, गेर टाकायचीबी चोरी. काय हाय त्यात, बाँब?"

डब्याच्या झाकणाला दाभणाने पाडलेली भोकं होती. ओळीत, सारख्या अंतरावर. नाना पोतं शिवायचे तशीच. मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून झाकण उघडलं. आत द्राक्षाचं एक कोवळं पान होतं आणि पानावर रुपेरी रेघेचा तो बसलेला. मी बोट पुढे केलं. तो चढला आणि थरथरायला लागला.

"मरतंय का काय?" पोपटमामा म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "थांबा थोडं."

पोपटमामा टेम्पो रस्त्यातच उभा ठेवून थांबले. मागून कुणी तरी हॉर्न वाजवत होतं. थोड्या वेळाने पतंग फाटकाबाहेरच्या कडुलिंबाकडे उडून गेला. मी डबा नाकाशी नेला. द्राक्षाच्या पानाचा वास होता, तळाशी जुन्या बुंदीचा थोडासा. रॉकेलचा नव्हता.